मोरीत ओतलेलं लाल पाणी



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय 'आहार आणि आरोग्य' असा छापलाय. तो संयोजकांनी छापलाय. मी त्यांना फोनवर सांगितलं होतं की मी बीटावर बोलणार आहे. पलीकडे जरा वेळ कुणी बोललंच नाही. मग हळूच प्रश्न आला, "मॅडम, तासभर?" म्हटलं, हो, तासभर. या व्यासपीठावरून आजवर संतसाहित्यावर बोललं गेलंय, जलसंधारणावर बोललं गेलंय. त्या पंगतीत बीट वाढायचं म्हणजे पत्रिका छापणाऱ्याची पंचाईत होणारच. पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलोय त्या बाईंनी मला जे शिकवलं, त्याची सुरुवात बीटापासूनच झाली. आणि तीही एका चुकीपासून.

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याच वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. गृहविज्ञानाचं प्रात्यक्षिक होतं. पाच-पाच जणींची टोळी, एक स्टोव्ह, एक पितळी पातेलं. आमच्या टोळीच्या वाट्याला बीट आलं होतं. आम्ही काय केलं, तर आधी साली काढल्या, मग फोडी केल्या, मग बुडेल एवढ्या पाण्यात खळखळ उकळल्या, आणि पातेलं तिरकं करून सगळं पाणी मोरीत ओतलं. मोरी लालभडक झाली. बाई मागे येऊन उभ्या होत्या हे कळलंच नाही.

"काय ओतलं?"

"पाणी, बाई."

"काय होतं त्यात?"

"रंग."

"आणि?"

'आणि'ला आमच्याकडे उत्तर नव्हतं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी शेजारच्या टोळीचं पातेलं उचललं, त्यांचं पाणी एका ताटलीत काढून घेतलं, त्यात ज्वारीचं पीठ, मूठभर बेसन, तिखट, ओवा, मीठ घालून धपाट्यांचं पीठ मळलं. गोळा असा काही लाल झाला की लग्नातल्या रुखवतात ठेवावा. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकला तसा रंग उडायला लागला. खालची बाजू तर विटकरीच झाली. एक मुलगी म्हणाली, "बाई, रंग गेला." बाई म्हणाल्या, "रंग जाऊ दे. बाकीचं राहिलं ना."

'बाकीचं' म्हणजे काय ते कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली. आजचं बोलणं त्या 'बाकीच्या'विषयी आहे.

आपल्याकडे बीट कशासाठी घेतात? रक्त वाढायला. सकाळी मोती बागेकडे फिरायला जाणाऱ्यांना विचारा, ज्यूसच्या गाड्यावर उभ्या असलेल्यांना विचारा, उत्तर एकच. हल्ली त्याला 'एबीसी' असं इंग्रजी बाराखडीचं नावही मिळालंय, सफरचंद, बीट आणि गाजर. खेड्यात एबीसी नाही, पण समजूत तीच. "बीट खाल्लं की रगत वाढतं म्हनं." का? तर ते लाल असतं. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, तसं बीट रक्तासारखं दिसतं म्हणून रक्ताला. जगभर माणसं असं मानत आली आहेत, आपणच तेवढे भोळे आहोत असं नाही. पण बीटाचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांचा असतो आणि आपल्या रक्ताचा लाल रंग लोह धरून ठेवणाऱ्या हिमोग्लोबिनचा. या दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. कुंकवाचं आणि रक्ताचं जेवढं नातं, तेवढंच.

आता आकडे सांगते. थोडेच सांगेन, कारण पुढे बसलेल्या काकू आताच घड्याळ बघायला लागल्यात. १०० ग्रॅम बीटाच्या कंदात लोह असतं एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी, सुमारे पाऊण-एक. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार कामकरी वयाच्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे नुसत्या बीटावर रक्ताचा हिशेब चुकता करायचा तर रोज साडेतीन किलोच्या वर बीट खावं लागेल. उलट बाजरी घ्या. १०० ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह. एका भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे भाकरीमागे चार मिलिग्रॅम. आपल्या ज्वारीत बाजरीपेक्षा कमी, पण बीटाच्या चौपट-पाचपट. छत्रपती संभाजीनगरच्या बाजरी संशोधन केंद्रात, आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्याच छत्राखाली, 'एएचबी १२०० एफई' नावाचा बाजरीचा संकरित वाण तयार झालाय. त्यात किलोमागे ७३ मिलिग्रॅम लोह आहे. इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर तयार झालेला वाण. आणि आपण काय करतो? बाजरी बंद करून गव्हाची पोळी खातो, आणि रक्त वाढावं म्हणून बीटाचा ज्यूस पितो.

यात हसण्यासारखं फार काही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्याआधीच्या पाहणीत हाच आकडा ४८ होता. म्हणजे बीटाचे गाडे वाढले आणि रक्तक्षयही वाढला. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं म्हणजे पुन्हा अक्रोडासारखंच होईल.

एक मुलगी मला आठवते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. हिमोग्लोबिन साडेआठच्या खाली. गर्भारपणात ते निदान ११ हवं. तिला सरकारी लाल गोळी मिळाली होती, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असणारी, रोज एक, १८० दिवस. महिन्या-दीड महिन्यानं तपासलं तर रक्त वाढलं नव्हतंच, किंचित उतरलंच होतं. तिच्या आईला विचारलं. ती बिचारी मोठ्या मायेनं म्हणाली, "मॅडम, गोळ्यानं पोरीला मळमळ व्हायली होती, शौचाला काळं व्हायलं होतं. मंग मीच म्हनलं, बंद कर. रोज दोन बीट घालते की तिच्या पोटात!" त्या माउलीला काय बोलणार? तिनं लेकीसाठी बाजार पालथा घातला होता. लाल गोळी टाकून लाल कंद घेतला, एवढीच तिची चूक. मी तिला म्हटलं, काळं होतं ते लोहामुळेच, घाबरू नका. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर द्या. बीटही द्या, पण गोळीच्या जागी नको, गोळीसोबत. आणि गोळीवर चहा नको.

चहाचं नंतर सांगते. चहावर मला जरा जास्तच बोलायचंय.

तर बीट रक्ताला अगदीच निरुपयोगी का? नाही. इथे गंमत आहे, आणि ही गोष्ट आपल्याच मुंबईत घडलेली आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गर्भारपणात बायका रक्त कमी होऊन का मरतात, हा तिच्यापुढचा प्रश्न. परळच्या हाफकिन संस्थेत ती काम करायची आणि तपासायची कापडगिरण्यांतल्या गरीब बायकांना. त्यांच्यातल्या अनेकींचा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नव्हताच. रक्तपेशी आकारानं मोठ्या, पण अपुऱ्या, अर्धवट घडलेल्या. ल्यूसीबाईंनी नाना तऱ्हा करून पाहिल्या. शेवटी गुण आला तो मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्कानं, पावावर लावायचा तो काळा, खारट लगदा. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यात नेमकं काय होतं ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पुढे दहा वर्षांनी, १९४१ साली, अमेरिकेत टेक्सासमध्ये शास्त्रज्ञांनी चार टन पालक घेऊन त्यातून ते द्रव्य वेगळं काढलं. पानांतून निघालं म्हणून लॅटिनमधल्या 'फोलियम', म्हणजे पान, या शब्दावरून त्याला नाव दिलं फॉलिक ॲसिड. लाल गोळीत लोहाच्या जोडीला बसलेलं तेच हे ५०० मायक्रोग्रॅम. परळच्या गिरणगावातल्या त्या बायकांची नावं कुठे नोंदलेली मी वाचली नाहीत. पण आज जगभरच्या गर्भारशी जी गोळी घेतात, तिच्यात त्यांचा वाटा आहे.

आणि बीटाच्या कंदात हे फॉलिक ॲसिड, म्हणजे अन्नातलं फोलेट, चांगलं असतं, १०० ग्रॅमला सुमारे १०० मायक्रोग्रॅम. भाज्यांच्या मानानं ते बरंच झालं. रक्तपेशी घडायला लोह लागतं तसं फोलेटही लागतं. म्हणजे आजीबाईंचं म्हणणं निम्मं खरं निघालं, पण वेगळ्याच कारणानं. फक्त फोलेटची एक खोड आहे. ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं मोडतं. सोललेलं, चिरलेलं बीट भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिलं, की ते जातं मोरीत. बाईंचा तो 'आणि?' आता तुमच्या लक्षात आला असेल.

म्हणून बीट शिजवायचं कसं, तर शक्यतो सोलायचं नाही. देठाचा दोन बोटं तुकडा वर ठेवायचा, खालची शेपटी कापायची नाही, नुसतं घासून धुवायचं. कुकरमध्ये वरण-भात लावता, त्यातच जाळीवर वरच्या डब्यात आख्खं ठेवायचं. वाफेवर शिजतं, वेगळा गॅस नको, वेगळं पाणी नको. गार झालं की साल बोटानं सरकते, उन्हाळ्यातल्या आंब्याच्या सालीसारखी. डब्यात खाली जो लाल रस साचतो तो वरणात ओता, पिठात घाला, काहीही करा. मुलं वरणाला नाक मुरडतील. मुलांनी नाक मुरडलं नाही तर ते वरण कसलं!

रंग टिकवायचा असेल तर आंबट घाला. लिंबू, दही, चिंचेचा कोळ, कैरी, काहीही. बीटाचा रंग आंबटात टिकतो आणि क्षारात बिघडतो. सोडा टाकला की पिवळट-तपकिरी होतो. आमच्या एका आत्याबाई बीट लवकर शिजावं म्हणून चिमूटभर सोडा टाकायच्या आणि मग बीट 'नासकं निघालं' म्हणून भाजीवालीला बोल लावायच्या.

आंबटाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला फार आवडतो. बीट न खाणाऱ्यांची मुख्य तक्रार काय असते? "मातीचा वास येतो." बरोबर आहे, येतो. त्या वासाचं द्रव्य आहे जिओस्मिन. मातीतले काही सूक्ष्मजीव ते तयार करतात, आणि बीटात ते मुळातच असतं. जूनमध्ये पहिल्या सरीनंतर तापलेल्या रानातून जो वास उठतो ना, ज्यासाठी आपण घर सोडून अंगणात येतो, त्याच्यामागे हेच जिओस्मिन आहे. २०१३ च्या दुष्काळात आपल्या गावात पाण्याचे टँकर फिरत होते. त्या वर्षी मृगाच्या त्या वासानं डोळ्यांत पाणी आलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि तोच वास ताटात आला की आपण ताट सरकवतो! असो. ज्यांना नकोच आहे त्यांच्यासाठी: आंबटानं जिओस्मिन मोडतं. दह्यातल्या कोशिंबिरीत बीटाचा वास येत नाही तो म्हणूनच. दाण्याचं कूट, हिरवी मिरची, जिऱ्याची फोडणी, आणि दही वाढायच्या वेळी. आपल्या आयांना जिओस्मिन ठाऊक नव्हतं, दही ठाऊक होतं.

आता बाजारात जाऊ.

आठवडी बाजारात बदनापूरकडची एक मावशी बसते, तिच्याकडून मी बीट घेते. ती आणते स्वतःच्या रानातलं, पाल्यासकट, जुड्या बांधून. वजन करायच्या आधी तिचा ठरलेला प्रश्न असतो: "पाला मोडून देऊ का?" आणि आपलं सगळ्यांचं ठरलेलं उत्तर: "मोडा." ती एका पिळ्यात पाला मोडते आणि मागे टाकते. मागे बकरी उभीच असते. दिवसाच्या शेवटी त्या बकरीच्या पोटात किती लोह गेलं असेल याचा मी कधीकधी हिशेब करते.

कारण पाल्यात कंदाच्या तिप्पट लोह असतं. कॅल्शियम, अ जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व, सगळं कंदाहून जास्त. खरं तर माणसानं बीट लावलंच ते पाल्यासाठी. भूमध्य समुद्राच्या आणि युरोपच्या किनाऱ्यांवर खाऱ्या वाऱ्यात वाढणारी एक रानभाजी होती, तिचं हे घरचं रूप. जुन्या काळी पानं खात, मूळ औषधाला. फुगलेला गोल कंद ही नंतरची गोष्ट. आणि साखरेची तर फारच नंतरची: १७४७ साली बर्लिनमध्ये मार्गग्राफ नावाच्या शास्त्रज्ञानं बीटात उसाचीच साखर आहे हे दाखवलं, आणि नेपोलियनच्या काळात युरोपला उसाची साखर मिळेनाशी झाली तेव्हा बीटाचे साखर कारखाने उभे राहिले. उसाच्या मुलखातल्या माणसाला हे ऐकून जरा गुदगुल्या होतात.

पण सगळ्यात मोठी गंमत वेगळीच आहे. आपल्या बाजारात जो देशी पालक मिळतो, जाड पानांचा, तो कोण? वनस्पतिशास्त्राच्या वहीत त्याचं नाव बीटा व्हल्गॅरिस. आणि बीटाचं? तेही बीटा व्हल्गॅरिस. सख्खी भावंडं. टेक्सासवाल्यांनी चार टन घेतला तो विलायती पालक निराळा. म्हणजे ज्या घरात "बीटाचा पाला कोण खातं?" असं म्हणतात, त्याच घरात आठवड्यातून दोनदा बीटाच्या भावाची पातळ भाजी होते. चाकवत, माठ, राजगिरा ही सगळी त्याच कुळातली मंडळी. नातेवाइकांना घरात घ्यायचं आणि एकालाच दाराबाहेर बकरीपाशी ठेवायचं, हा कुठला न्याय?

पाल्याची भाजी पालकासारखीच करा. तूरडाळ किंवा हरभऱ्याची डाळ, लसूण, शेंगदाणे, थोडी चिंच. देठ फेकू नका, बारीक चिरून आधी फोडणीत टाका, ते शिजायला वेळ घेतात. किंवा कांद्यावर परतून पीठ पेरा. मी भाकरीसोबत खाते आणि वरून लिंबू पिळते. लिंबू चवीसाठी नाही. पानातलं लोह आपल्या अंगी लागायला फार कटकट करतं. पानातलं ऑक्झॅलेट त्याला धरून ठेवतं, भाकरीतलं फायटेट धरून ठेवतं. क जीवनसत्त्व त्याला सोडवून घेतं. त्यामुळे पाला म्हणजेही जादूची पुडी नव्हे. एका भाकरीचं लोह, एका वाटीभर पाल्याचं लोह आणि अर्धं लिंबू, असं ते जुळवून आणावं लागतं.

आमच्या जुन्या जालन्यातल्या गल्लीत बीटाला बीट म्हणत नसत. पलीकडच्या घरातल्या खालाजान म्हणायच्या 'चुकंदर'. निजामाच्या राज्यातलं गाव हे, १९४८ पर्यंत. कितीतरी शब्द तसेच राहिले. त्या चुकंदर-गोश्त करायच्या, मटणात बीट घालून. रस्सा लाल, तर्री लाल, काय मसाल्यानं लाल आणि काय बीटानं, कळायचं नाही. आता हिशेब मांडला तर आमच्या गल्लीतलं बीट सगळ्यात शहाण्यासारखं तिथेच शिजत होतं. मांसातलं लोह अंगी सहज लागतं, आणि सोबतच्या भाजीतलं लोहही मांसामुळे जास्त लागतं. बीटाचं फोलेट रश्श्यातच राहतं, मोरीत जात नाही. मला हे खालाजानना सांगायचं होतं. राहून गेलं.

खरेदीचं उरलेलं पटकन सांगते. बीट घ्यायचं मोसंबीएवढं. आपल्या जिल्ह्यात मोसंबीचा आकार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्याहून मोठं जरठ निघतं, आत दोरे लागतात. हातात जड लागावं, दाबलं तर दबू नये. वरचा भाग खडबडीत, भेगाळलेला, बुचासारखा झाला असेल तर ते रानात जास्त दिवस राहिलंय. पाला टवटवीत असेल तर कंद ताजा. पाला खोटं बोलत नाही, म्हणूनच व्यापारी तो आधी मोडतो. घरी आल्यावर मात्र पाला लगेच वेगळा करा, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढतो आणि दोन दिवसांत कंद मऊ पडतो. पाला त्याच दिवशी शिजवा, कंद आठवडाभर टिकतो. आणि घ्या हिवाळ्यात. उन्हाच्या तडाख्यात वाढलेल्या बीटाला कापलं की आत पांढरी कडी दिसतात, लाल-पांढरी, लाल-पांढरी. ते बनावट नसतं, उन्हानं भाजलेलं असतं. रंगही कमी, गोडीही कमी.

शेतकरी मंडळी बसली आहेत म्हणून दोन शब्द. आपली भारी काळी जमीन बीटाला अवघड, कंद वेडावाकडा होतो, पाय फुटतात. वरंब्यावर लावा. आणि बीटाचं जे 'बी' म्हणून पुडीत मिळतं ते एक बी नसतं, चिकटलेल्या फळांचा गठ्ठा असतो. एका ठिकाणी दोन-चार रोपं उगवतात. विरळणी केली नाही तर एकही कंद भरत नाही. विरळणीतली कोवळी रोपं मात्र टाकू नका, त्यांची भाजी फार सुरेख होते.

बियाण्यावरून आठवलं. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली, भेंडीच्या बियाण्यापासून पुढे केवढा पसारा झाला ते तुम्हाला मी सांगायला नको. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण या बियाण्यांच्या गावात बीटाचं बी धरत नाही. बीट पहिल्या वर्षी कंद भरतं आणि कडाक्याची थंडी अंगावरून गेल्यावरच दुसऱ्या हंगामात फुलांचा दांडा काढतं. तेवढी थंडी आपल्याकडे कुठली? ते बी धरायला हिमाचलच्या कुलू खोऱ्यासारखी जागा लागते. देशी पालकाचं बी मात्र इथल्या मैदानी हवेत खुशाल धरतं. भाऊ-भाऊच, पण एकाला हिमालय लागतो आणि एकाला जालना पुरतं.

त्याच १९९८ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाला, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या वायूच्या. आणि बीटाची आजची खरी कीर्ती तिथे आहे. बीटात नायट्रेट भरपूर. आपण ते गिळतो, ते रक्तातून लाळेत येतं, जिभेवरचे जंतू त्याचं नायट्राइट करतात, आणि पुढे अंगात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६४ रक्तदाबाच्या रुग्णांपैकी निम्म्यांना चार आठवडे रोज २५० मिलिलिटर नायट्रेट असलेला बीटाचा रस दिला. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी आठ अंकांच्या आसपास उतरला. रस बंद केल्यावर पुन्हा चढला. म्हणजे बीट काम करतं, पण रक्त 'वाढवण्याचं' नाही, रक्त 'वाहतं' ठेवण्याचं. रक्तदाबाची गोळी मात्र यासाठीही बंद करायची नाही. आणि जे लोक रोज जंतुनाशक माऊथवॉशनं गुळण्या करतात, त्यांच्या जिभेवरचे ते कामकरी जंतूच मरतात आणि बीटाचा गुण जातो. ताजा श्वास हवा की सैल रक्तवाहिन्या, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

रस प्यायचाच तर चोथ्यासकट. गाळून चोथा फेकला की तंतू जातात आणि साखर तेवढी राहते. १०० ग्रॅम बीटात साखर सहा-सात ग्रॅम असते. एक बीट खाताना ती काही नाही, पण ग्लासात तीन बीटं, दोन सफरचंदं आणि वर मध घातला की मधुमेह्यानं विचार करावा.

आणि एक भीतीची गोष्ट. बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी लाल होते, काहींना शौचालाही. दहा-बारा माणसांत एखाद्याला असं होतं, आणि ज्यांच्या अंगात लोह कमी आहे त्यांच्यात जास्त दिसतं. एक गृहस्थ मला ओळखतात म्हणून सकाळी सहाला दारात आले, चेहरा पांढरा. "ताई, संपलं." मी विचारलं, काल काय खाल्लं? भाच्याच्या वाढदिवसाला बीटाचा हलवा, तीन वाट्या. त्यांना मी आत बोलावून चहा दिला. पण खरोखर रक्त जात असेल तर ते बीटावर ढकलू नका. बीट बंद करून दोन दिवस पाहा, आणि तरी लाल असेल तर थेट डॉक्टर.

मुतखडेवाल्यांनो, तुमच्यासाठी सगळं उलटं. बीटात आणि विशेषतः पाल्यात ऑक्झॅलेट जास्त, आणि आपल्या उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्याच्या मूत्रपिंडात त्याचे खडे होतात. तुम्ही बीट चिरून, उकळून, पाणी खुशाल मोरीत ओता, कमी खा, आणि दह्यासोबत खा. उकळल्यानं ऑक्झॅलेटही पाण्यात उतरतं. बाईंनी तुम्हाला माफ केलं असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊच नका, बीटात पोटॅशियम बरंच असतं.

राहिला चहा. जेवणावर चहा म्हणजे अंगी लागू पाहणाऱ्या लोहाच्या पायात खोडा. चहातलं टॅनिन लोहाला धरतं आणि बाहेर नेतं. जेवणाआधी तास, जेवणानंतर तास, चहा नको. बाईंचा हा एकच नियम त्यांच्या विद्यार्थिनींनी कधी पाळला नाही, मीही नाही. त्या गृहस्थांना मी सकाळी चहाच दिला, सांगितलं तुम्हाला.

आज मात्र पाळायचा आहे. मागच्या खोलीत आमच्या पाच जणींच्या टोळीतल्या तिघी सकाळपासून धपाटे थापत आहेत. बीट कुकरमध्ये आख्खं शिजवलंय, पाणी पिठात घातलंय, पाला बदनापूरच्या मावशीकडून मुद्दाम न मोडता आणलाय आणि तोही चिरून पिठात गेलाय. सोबत दही आहे, लिंबाच्या फोडी आहेत. रंग तव्यावर उडालाय, मी पाहून आले. चहा संयोजकांनी ठेवलाय, पण तो एका तासानं मिळेल. किटलीची किल्ली माझ्याकडे आहे.